‘डायरी लिहा’ म्हणता, पण काय, किती आणि कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मन शांत ठेवण्याचे उपाय कुठल्याही पुरवणीत वाचायला घेतले, की कोमट पाणी आणि प्राणायाम यांच्या मध्ये कुठेतरी ‘रोज डायरी लिहा’ हे असतंच. सल्ला चुकीचा नाही, पण फार मोघम आहे. वाचणारा हौसेने एक सुबक डायरी आणतो, पहिल्या पानावर वळणदार अक्षरात नाव घालतो, चार दिवस ‘आज काय काय झालं’ ते लिहितो आणि संक्रांतीपर्यंत ती डायरी धोब्याच्या हिशेबाला लागते. आम्ही दोघंही समुपदेशनाच्या क्षेत्रात आहोत आणि लिहून घेणं हा आमच्या कामाचा रोजचा भाग आहे. या सल्ल्याला जो तपशील जोडायला हवा आणि सहसा जोडला जात नाही, तो मांडण्यासाठी हे पत्र. जरा लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

मुळात ‘लिहिणं’ ही एकच गोष्ट नाही. डोक्यातली कामं कागदावर उतरवणं, सतावणारा एखादा विचार तपासून पाहणं आणि जुन्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहिणं, ही तीन वेगळी लिखाणं आहेत. पहिलं रोज करावं. दुसरं गरज पडेल तेव्हा. तिसरं मोजके दिवस करावं आणि थांबवावं. रात्री साडेअकराला गादीवर बसून उद्याची यादी करता करता माणूस लग्नघरात झालेल्या अपमानावर घसरतो, दीड वाजतो, झोप उडते आणि मग ‘लिहिल्याने मला उलट त्रासच होतो’ असा निष्कर्ष निघतो. त्रास सरमिसळीने झालेला असतो.

आधी कामांच्या यादीबद्दल, कारण बहुतेकांना तेवढीच पुरते.

आपण एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवू शकतो, याचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलेला आकडा सात, दोन कमी-जास्त, असा होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. गॅसचा नंबर लावायचा, आईची तपासणी, मुलाची फी, सोसायटीचा अर्ज, इथेच जागा भरली. पाचवी गोष्ट आली की आधीची एखादी निसटते, आणि ती निसटेल या धास्तीने मन पुन्हा पुन्हा सगळ्यांची उजळणी करत बसतं. डोकं ‘जड’ झाल्यासारखं वाटतं त्यात या उजळणीचा वाटा मोठा असतो.

आता ही उजळणी थांबते कशाने? अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण २०११ मधले मासिकांपो आणि बाऊमायस्टर यांचे प्रयोग जास्त कामाचे आहेत. अपुऱ्या कामांची आठवण करून दिलेल्या लोकांना त्यांनी कादंबरीतला उतारा वाचायला दिला. वाचताना त्यांचं मन त्या कामांकडे धावत राहिलं. ज्यांना ते काम कसं करणार याचा बेत आधी लिहायला सांगितला होता, त्यांचं मन तितकं धावलं नाही. काम झालेलं नव्हतं, नुसतं ठरलं होतं, आणि मनाला तेवढं पुरलं.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला प्रयोगही याच धर्तीचा. निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं येत्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, त्याच्या जोरावर निद्रानाश बरा होतो वगैरे कुणी म्हणू नये. पण बारकाईचा मुद्दा मात्र पक्का धरावा, कारण लोकांच्या याद्या नेमक्या तिथेच फसतात.

नेहमीची यादी अशी असते: ‘गॅस. आईचं बघणे. सोसायटी. फी.’ ही यादी नव्हे, या नुसत्या चिंता आहेत. ‘आईचं बघणे’ वाचल्यावर मन पुन्हा विचारतं, काय बघायचं? आणि उजळणी सुरू. तीच यादी अशी लिहून पाहा:

‘आईची उपाशीपोटी साखर: लॅबवाल्याला आत्ता मेसेज, उद्या सकाळी सातला घरी ये. चहा त्यानंतर.’
‘गॅस: साडेनऊला एजन्सीला फोन. ग्राहक क्रमांक फ्रिजवरच्या कार्डावर.’
‘सोसायटी: पार्किंगचा अर्ज, शनिवारी दुपारी, दोनच परिच्छेद.’
‘फी: शेवटची तारीख १५. पगार झाला की त्याच संध्याकाळी.’

प्रत्येक ओळीत काय करायचं आणि कधी, हे दोन्ही आलं पाहिजे. आणखी एक अट: ओळ वाचल्यावर लगेच उठून करता येईल इतकी ती छोटी हवी. ‘घराची कागदपत्रं लावणे’ हे काम नाही, तो महिनाभराचा उद्योग आहे. त्यातलं ‘इंडेक्स टूची प्रत कुठल्या फायलीत आहे ते बघणे, दहा मिनिटं’ हे काम.

आणि पाच मिनिटांत संपवायचं. ओट्याची आवराआवर झाली, दारं लावली, की लगेच. अंथरुणात नको. पंचवीस ओळींची यादी करणाऱ्यांना तिच्याकडे बघूनच घाम फुटतो, म्हणून त्यातल्या उद्याच्या तीन ओळींपुढे फुली मारावी. बाकीच्या तिथेच राहू द्याव्यात, त्या कागदावर आहेत म्हणजे हरवत नाहीत.

दिवसभरात मनात जे येईल ते टिपणं आणि मग त्याची विल्हेवाट लावणं, ही दोन कामं वेगळी ठेवली तरच यादी टिकते. जुने व्यापारी रोजमेळात जसजशी देवघेव होईल तशी नोंद करत आणि नंतर निवांत बसून खतावणी करत; गिऱ्हाईक समोर असताना कुणी खातं उघडत बसत नसे. तसंच दिवसा नुसतं टिपावं, अगदी दोन शब्द, बसच्या तिकिटामागेही चालेल, आणि रात्रीच्या पाच मिनिटांत ते वहीत जागेवर घालावं. रविवारी वीस मिनिटं काढून मागचा आठवडा चाळावा. एखादी ओळ तीनदा पुढे ढकललेली दिसली तर ती चौथ्यांदा उतरवू नये. ती फार मोठी आहे, दुसऱ्याने करायची आहे, किंवा आपल्याला ती करायचीच नाही, यातलं एक खरं असतं. शेवटचं खरं असेल तर सरळ काट मारावी. काट मारल्याचं समाधानही कमी नसतं.

वहीबद्दल. तारखा छापलेली डायरी घेऊ नका. कोरी राहिलेली प्रत्येक तारीख डोळे वटारून बघते आणि चार पानं कोरी गेली की माणूस पुढच्या जानेवारीची वाट बघू लागतो. साधी शंभर पानी एकरेघी वही, तारीख आपण वर टाकायची. महागडी वही असली की चांगलंच लिहिलं पाहिजे असं दडपण येतं. कामं पुढच्या बाजूने, आणि वही उलटी करून मागच्या बाजूने विचार. आपल्या सगळ्यांना शाळेपासून वहीची मागची पानं कच्च्या कामाला वापरायची सवय आहेच.

सवय कशी टिकते ते पाहायचं तर कुठल्याही स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्यावर दुधाची नोंद वर्षानुवर्षं बिनबोभाट होते. कुणी प्रेरणादायी भाषण दिलेलं नसतं. कॅलेंडर जागचं हलत नाही, पेन दोऱ्याने खिळ्याला बांधलेलं असतं, नोंद एका खुणेची असते, आणि महिनाअखेर दूधवाला दारात उभा राहिला की तिचा उपयोग होतो. या चार गोष्टी जुळवल्या तर तुमचीही वही चालेल. वही कपाटात, पेन मुलाच्या दप्तरात आणि लिहिलेलं पुन्हा कधी वाचायचंच नाही, असं असेल तर महिनाभरात बंद पडेल.

(जाता जाता: घराची सगळी यादी एकट्या बाईच्या डोक्यात असते, हे या कॅलेंडरवरूनच कळतं. तिने यादी लिहून भिंतीवर लावली आणि बाकीच्यांनी तिलाच येऊन ‘मी काय करू?’ विचारलं, तर तिचं डोकं हलकं झालं असं होत नाही. यादी वाचणं आणि आपली ओळ उचलणं हेही इतरांचं काम आहे.)

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य आता रील्समधून घरोघरी पोचलं आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ लोकांनी रोजची एक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला मध्यावरचा आकडा ६६ दिवसांचा आला. कुणाला १८ पुरले, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडला नाही, हे त्यातलं सगळ्यात उपयोगी. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून स्वतःला नावं ठेवण्याचं कारण नाही.

फोनवर लिहिलं तर चालतं का, असं हमखास विचारलं जातं. टिपण्यासाठी चालतं. बोलून मराठी टाइप करण्याची सोयही आता बरी आहे. अडचण वेगळीच: नोंद करायला फोन उघडावा, तर वर कुटुंबाच्या ग्रुपवरचे सतरा मेसेज, आणि नोंद राहूनच जाते. हाताने लिहिलेलंच मेंदूत शिरतं, असं म्हणून २०१४ च्या ज्या संशोधनाचा दाखला दिला जातो ते वर्गातल्या टिपणांबद्दलचं आहे, आणि नंतर पुन्हा करून पाहिल्यावर त्याचे निकाल तितके ठाम निघाले नाहीत. कामांच्या यादीला ते लावण्याचं कारण नाही. विचार तपासण्यासाठी मात्र आम्ही हाताने लिहायला सांगतो, कारण हात हळू चालतो आणि तिथे तो हळूच चालायला हवा.

आता हे दुसरं लिखाण. फिलाडेल्फियात मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकापासून जी उपचारपद्धती विकसित केली, तिच्यातलं विचारांच्या नोंदीचं हे साधन आहे. मूळ तक्ते पाच-सात रकान्यांचे असतात. घरी वापरायला आडवं पान घेऊन सहा रकाने पाडावेत: काय घडलं, भावना आणि तिचा शंभरपैकी आकडा, मनात आलेलं वाक्य, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, आणि शेवटी दुसरं वाक्य, त्यापुढे पुन्हा आकडा.

समजा, शुक्रवारी संध्याकाळी पाचला वरिष्ठांचा मेसेज आला: ‘सोमवारी सकाळी भेटा.’ पहिल्या रकान्यात एवढंच. ‘साहेबांनी तुसडा मेसेज पाठवला’ असं नाही, कारण तुसडेपणा आपण घातलेला आहे. कॅमेऱ्यात जे टिपलं गेलं असतं तेवढंच या रकान्यात. दुसऱ्यात: भीती ८५, लाज ४०. तिसऱ्यात: ‘मला काढणार.’ चौथ्यात: गेल्या महिन्यात रिपोर्टला चार दिवस उशीर झाला, शेजारच्या विभागात दोघांना काढलं. पाचव्यात: पुढच्या तिमाहीचं काम त्यांनीच मागच्या आठवड्यात माझ्याकडे दिलं; ते सगळ्यांनाच असे तीन शब्दांचे मेसेज करतात; त्या दोघांना आधी एचआरचा ईमेल आला होता. सहाव्यात: ‘कशासाठी बोलावलंय ते सोमवारीच कळेल. रिपोर्टबद्दल असू शकतं, त्याची उत्तरं तयार ठेवता येतील.’ भीती ५०.

पन्नासवर आली म्हणजे काम झालं. शून्यावर आणायचा अट्टहास केला की सहाव्या रकान्यात ‘सगळं छान होणार आहे’ छापाची वाक्यं येतात, आणि ज्याने लिहिलं त्याचाच त्यावर विश्वास बसत नाही. शेवटचं वाक्य गोड नको, पटणारं हवं.

इथे ठरावीक चुका होतात. पहिली म्हणजे भावनेच्या रकान्यात ‘मला वाटलं की मी कुचकामी आहे’ असं लिहिणं. तो विचार झाला, तो तिसऱ्या रकान्यात. भावना एका शब्दात सांगता आली पाहिजे: राग, भीती, लाज, मत्सर, उदासी, अपराधीपणा. दुसरी चूक, विचार प्रश्नाच्या रूपात ठेवणं. ‘साहेबांनी मलाच का बोलावलं असेल?’ याला बाजूचे आणि विरुद्ध पुरावे कसे देणार? त्या प्रश्नामागे जे भीतीचं उत्तर दडलंय तेच विधान करून लिहायचं. तिसरी, चौथ्या रकान्यात पुराव्याऐवजी भावनाच पुन्हा लिहिणं: ‘कारण मला आतून तसं जाणवतंय.’ जाणवणं हा पुरावा नाही. तारीख, ईमेल, बोललेलं वाक्य हा पुरावा. चौथी चूक वेळेची. राग नव्वदीच्या पुढे असताना पाचवा रकाना भरताच येत नाही. पहिले तीन भरून वही मिटावी, चक्कर मारून यावं, उरलेले नंतर. सगळं मिळून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत.

ज्यांना एक नाही, दिवसभर शंभर काळज्या असतात, त्यांना प्रत्येकीचा तक्ता करणं शक्य नाही. त्यांच्यासाठी काळजीची वेळ नेमून देण्याची पद्धत आहे, टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली. त्यांनी रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास ठेवला होता. दिवसा काळजी आली की कागदावर दोन शब्द टिपून ‘संध्याकाळी साडेसहाला’ म्हणून पुढे ढकलायची. साडेसहाला कागद घेऊन बसायचं आणि प्रत्येकीपुढे लिहायचं: यात मला काही करता येण्यासारखं आहे का? असेल तर ती ओळ वहीच्या पुढच्या बाजूला, कामांत. निम्म्या काळज्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. झोपण्यापूर्वीचा तास मात्र यासाठी घेऊ नये, आणि झोपण्याच्या खोलीतही नको.

तिसरं लिखाण जपून करायचं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ मधला प्रयोग या विषयातला पायाचा दगड मानतात. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं. काहींनी आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं, काहींनी किरकोळ विषयांवर. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. लेखांमधून सांगितलं जातं ते इथवरच. लिहिल्यानंतर लगेच त्याच विद्यार्थ्यांची मनःस्थिती बिघडली होती आणि रक्तदाबही वाढला होता, हे कुणी सांगत नाही. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा निघाला, पण सरासरीने अगदी लहान. २०१३ मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवरचा एक अभ्यास आला. घटनेचा अर्थ सतत शोधत राहणाऱ्यांना भावना ओतून लिहिल्याने काही महिन्यांनंतर जास्त त्रास होत होता. नुसती दिनचर्या लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे होते.

म्हणून ‘मन मोकळं होईपर्यंत लिहीत राहा’ हा सल्ला आम्ही देत नाही. घड्याळ लावावं, पंधरा ते वीस मिनिटं, तीन किंवा चार दिवस, बस. घटना अगदी ताजी असेल तर काही आठवडे थांबावं. दिवसाउजेडी लिहावं, आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवावा, लगेच ऑफिसच्या मीटिंगला बसू नये. लिहिताना एखादी गोष्ट फारच अंगावर आली तर विषय बदलावा. तो नियमच आहे, पळपुटेपणा नाही. शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ, परिच्छेद, कशाचीही पर्वा नको. भांडण ज्या बोलीत झालं त्याच बोलीत लिहावं, मालवणीत, अहिराणीत, अर्धं इंग्रजीत, कसंही.

उपयोग होतोय की नाही ते पानांवरच दिसतं. पेनेबेकर यांनी नंतर लिखाणातले शब्द मोजले. दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात कारण दाखवणारे आणि उलगडा झाल्याचे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. आपल्याकडे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ असे शब्द वाढताहेत का ते बघावं. तिसऱ्या दिवसाचं पान पहिल्या दिवसासारखंच असेल, तीच माणसं, त्याच शिव्या, तोच शेवट, तर ते रवंथ आहे आणि ते त्याच दिवशी बंद करावं. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हे वाक्य दुसऱ्यांदा लिहिलं गेलं की पेन थांबवावं आणि नेमकं कधी, कुठे, कोण काय म्हणालं याकडे वळावं.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: पेपरच्या आधी दहा मिनिटं भीतीबद्दल लिहा, गुण वाढतात. याचं मूळ रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११ मधल्या संशोधनात आहे. २०१८ मध्ये नामवंत नियतकालिकांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्यात हाही होता, आणि तसाच परिणाम दिसला नाही. मुलाला स्वतःहून लिहावंसं वाटलं तर लिहू द्यावं. पण केंद्राच्या फाटकाशी वही पुढे करून ‘लिही भीती’ म्हणणं नको. आदल्या रात्री हॉल तिकीट, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि किती वाजताची बस, ही चार ओळींची यादी त्याच्या हातून करून घेतली तर जास्त उपयोग.

राहिला प्रश्न घरातल्या डोळ्यांचा. दोन खोल्यांच्या घरात वही लपवायची कुठे, या धास्तीने पुष्कळजण, विशेषतः सुना आणि तरुण मुलं, खरं लिहीतच नाहीत, आणि खरं न लिहिलेल्या लिखाणाचा उपयोग होत नाही. कामांची यादी उघड्यावर ठेवावी. दुखऱ्या गोष्टी मात्र सुट्या कागदावर लिहाव्यात आणि झाल्यावर बारीक तुकडे करून टाकावेत. फायदा लिहिण्याने होतो, जपून ठेवण्याने नाही. नावांऐवजी अक्षरं वापरावीत. मोडी येत असेल तर प्रश्नच मिटला. आणि वही रद्दीत घालू नये. तिची पानं कुठल्या गाडीवर भेळेच्या पुड्याला लागतील याचा भरवसा नाही.

काही जणांनी हे स्वतःच्या बळावर करू नये. ज्यांना मंत्रचळ (ओसीडी) आहे, त्यांच्या बाबतीत यादी तपासणं हाच एक नवा विधी होऊ शकतो. दहा वेळा वाचल्याशिवाय, पुन्हा सुवाच्य उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. खोल नैराश्यात वही म्हणजे स्वतःविरुद्धचं आरोपपत्र होते. अत्याचार, अपघात, जवळच्याची आत्महत्या अशा प्रसंगांबद्दल लिहायचं तर प्रशिक्षित माणूस सोबत हवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामावर लक्ष हे सगळंच बिघडलेलं असेल तर वहीच्या आधी डॉक्टर.

आणि घरातल्या कुणाच्या वहीत, चिठ्ठीत, फोनमध्ये जगणं नकोसं झाल्याचा मजकूर तुमच्या वाचनात आला, तर तो वाचला म्हणून अवघडून गप्प बसू नका आणि त्याच्यावर ओरडूही नका. शांतपणे, सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरते ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं.

आपल्या पुरवणीत यापुढे ‘डायरी लिहा’ असं छापाल तेव्हा किती मिनिटं आणि किती दिवस, हेही त्याच ओळीत द्यावं आणि चौकटीत हा क्रमांक छापावा, एवढी विनंती.

आपले,
दोन समुपदेशक, नाशिक